रेडिओ-नियंत्रित लष्करी मालमोटार प्रतिकृती

एखाद्या प्रत्यक्ष लष्करी मालमोटारीच्या (ट्रकच्या) मापांवरून ठराविक प्रमाणात लहान केलेली, स्वतःच्या विद्युत् शक्तीवर चालणारी आणि रेडिओ तरंगांच्या साहाय्याने दुरून नियंत्रित करता येणारी प्रतिकृती. तयार संचातील सुटे भाग जोडून केलेल्या प्रतिकृतीहून मुळापासून घडविलेली प्रतिकृती भिन्न असते. पहिलीत आराखडा, प्रमाण व यंत्रणा ही उत्पादकाने आधीच ठरविलेली असतात. दुसरीत मूळ वाहनाचे मोजमाप, आरेखन, धातुकाम, यंत्रणेची आखणी व विद्युत् जोडणी ही सर्व कामे घडविणाऱ्यालाच करावी लागतात. बाजारातील संच बहुधा परदेशी वाहनांचे असल्यामुळे भारतीय सेनेतील वाहनाची प्रतिकृती करू इच्छिणाऱ्यास मुळापासून घडविण्याचा मार्गच पुष्कळदा पतकरावा लागतो.

पूर्वपीठिका : चाकांवर चालणाऱ्या खेळण्यांची परंपरा भारतात जुनी आहे. विदर्भात, विशेषतः नागपूर भागात, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मुले चाके लावलेले लाकडी बैल ओढत नेतात. दुरून, तारेविना चालविण्याची कल्पना मात्र रेडिओ तरंगांच्या शोधानंतरची होय. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे रेडिओ तरंगांनी नियंत्रित होणारी लहान नौका जाहीरपणे चालवून दाखविली. सोव्हिएट संघाने १९३० नंतरच्या दशकात रेडिओ-नियंत्रित रणगाडे तयार केले आणि फिनलंडबरोबरच्या १९३९-४० मधील युद्धात ते वापरले. हौशी प्रतिकृतींच्या क्षेत्रात अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी १९३७ मध्ये रेडिओ-नियंत्रित विमान उडविले. प्रारंभीच्या संचांत निर्वात नलिका वापरीत. त्यांतील घटमालांच्या वजनामुळे लहान वाहनांत ते बसविणे अवघड होते. ट्रँझिस्टरांच्या प्रसारानंतर १९६० ते १९७० या काळात संच हलके झाले आणि मोटारगाड्यांच्या रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती बाजारात येऊ लागल्या.

हेच तत्त्व पूर्णाकृती कामाच्या वाहनांतही वापरले जाते. पुण्याजवळील दिघी येथील संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या अभियांत्रिकी आस्थापनेने विकसित केलेले ‘दक्ष’ हे दूरनियंत्रित वाहन २०११ मध्ये भारतीय सेनेकडे सुपूर्त करण्यात आले. संशयित स्फोटक वस्तू हाताळण्यासाठी ते योजलेले असून ते जिनेही चढू शकते.

मूळ वाहनाची निवड व मोजमाप : भारतीय वाहनांपैकी ‘शक्तिमान’ ही मालमोटार प्रतिकृतीसाठी विशेष योग्य आहे. पश्चिम जर्मनीतील मान (एम.ए.एन.) कंपनीबरोबर झालेल्या करारानुसार जबलपूर येथील तोफगाडी कारखान्यात १९५९ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या जबलपूर वाहन कारखान्यात ते काम होऊ लागले व १९९० नंतरच्या दशकात ते थांबले. पुढे आलेले एंजिनाचे नाक, त्यामागे चालकाची खोली, कापडी छताचा हौदा आणि चारही चाकांना मिळणारी शक्ती ही तिची ठळक वैशिष्ट्ये होत. तिच्यानंतर आलेली ‘स्टॅलियन’ ही मालमोटार सपाट तोंडाची आहे.

मोजमाप हा या कामाचा पाया होय. लष्करी ठाण्यांच्या प्रतिबंधित क्षेत्रात मोजमाप व छायाचित्रण करण्यास शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ नुसार मनाई आहे. त्यामुळे संग्रहालयांत किंवा सार्वजनिक ठिकाणी मांडलेली आणि सेवेतून काढून लिलावाने विकलेली वाहने यांवरच अवलंबून राहावे लागते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय लष्करी वाहनांच्या बांधणीचा अभ्यास करण्यास उपयुक्त आहे. सर्व मापे प्रत्यक्ष घेता आली नाहीत, तर छायाचित्रांवरून ती काढता येतात. अशा वेळी छायाचित्र वाहनापासून दूर उभे राहून व बाजूला काटकोनात घ्यावे. जवळून घेतल्यास पुढचे भाग मोठे व मागचे लहान दिसतात. छायाचित्रातील एखादे निश्चित माप आधारभूत धरावे लागते. उदा., टायरवर ११.००-२० असा अंक असल्यास रिमचा नाममात्र व्यास २० इंच म्हणजे ५०८ मिमी. असतो. त्यावरून त्याच प्रतलातील इतर भागांची मापे ठरविता येतात.

प्रमाणाचे गणित : प्रतिकृतीसाठी १/१०, १/१४, १/१६ इ. प्रमाणे रूढ आहेत. सात मीटर लांबीची मालमोटार १/१४ प्रमाणात बरोबर अर्धा मीटर लांब होते. तथापि वाहनाचे सर्व गुणधर्म एकाच पटीत लहान होत नाहीत आणि या कामातील बहुतेक अडचणी यातूनच उद्भवतात. लांबी १४ पटींनी कमी झाली की पृष्ठभाग १९६ पटींनी आणि घनफळ, म्हणून वजनही, २,७४४ पटींनी कमी होते. दहा टन वजनाच्या मालमोटारीचे प्रमाणबद्ध वजन सु. ३·६ किग्रॅ. भरते. भागांचे बल त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळे ते १९६ पटींनीच कमी होते. परिणामी स्वतःच्या वजनाच्या मानाने प्रतिकृतीचा सांगाडा मूळ सांगाड्याच्या १४ पट बळकट ठरतो. उलट, ती उचलणारा माणसाचा हात लहान होत नाही. आरसे, दिव्यांच्या जाळ्या, पायऱ्या हे बारीक भाग चालण्याने नव्हे, तर हाताळण्यानेच अधिक मोडतात.

याच कारणाने प्रतिकृतीची हालचालही मुळासारखी दिसत नाही. मूळ वाहन ताशी ६० किमी. वेगाने जात असेल, तर लांबीच्या प्रमाणात प्रतिकृतीचा वेग ताशी सु. ४·३ किमी. असावयास हवा. पण गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. खड्ड्यातून जाताना वाहनाला बसणाऱ्या हेलकाव्याचा काळ लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात, म्हणजे सु. ३·७ पटींनी, कमी होतो. मोठी मालमोटार संथपणे डुलते, प्रतिकृती थरथरते. वजन योग्य तेवढे ठेवणे, कमानी मऊ करणे व हेलकावे शोषणाऱ्या दट्ट्यांचा वापर करणे या उपायांनी हा दोष कमी करता येतो. तो पूर्णपणे नाहीसा करता येत नाही.

सांगाडा व कमानी : लष्करी मालमोटारीच्या सांगाड्यात सामान्यतः दोन लांब पन्हळी तुळया व त्यांना जोडणारे आडवे दांडे असतात. प्रतिकृतीत त्यासाठी दुमडलेला पोलादी पत्रा अथवा तयार पितळी पन्हळ वापरतात. २०० मिमी. उंचीची व ७ मिमी. जाडीची तुळई १/१४ प्रमाणात १४ मिमी. उंच व अर्धा मिमी. जाड होते आणि वर सांगितल्याप्रमाणे ती पुरेशी बळकट असते. जोडणीसाठी बारीक रिव्हेट किंवा स्क्रू वापरावेत. दोन्ही तुळया समांतर राहण्यासाठी त्या एकत्र बांधून त्यांतील छिद्रे एकाच वेळी पाडतात.

पट्ट्यांच्या कमानींची (पाट्यांची) गोष्ट निराळी आहे. पोलादी पाटा सर्व मापांनी १४ पट लहान केला, तर त्याचा ताठरपणा केवळ १४ पटींनी घटतो. त्यावरील भार मात्र २,७४४ पटींनी घटलेला असतो. मूळ वाहनाची कमान भाराखाली १४० मिमी. दबत असेल, तर प्रतिकृतीची कमान प्रमाणाने १० मिमी. दबावयास हवी, प्रत्यक्षात ती जेमतेम ०·७ मिमी. दबते. बाहेरून हुबेहूब दिसणारी कमान अशा रीतीने निरुपयोगी ठरते आणि ओबडधोबड जमिनीवर एक चाक अधांतरी राहते. यावर उपाय म्हणजे एक किंवा दोनच पाटे पोलादाचे ठेवून उरलेले प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे करणे, अथवा पोलादी पाट्याची जाडी कमी करणे होय. ताठरपणा जाडीच्या घनावर अवलंबून असल्याने जाडी सु. २·४ पटींनी कमी केली की इष्ट मऊपणा येतो. दिसण्यातील अचूकपणा आणि चालण्यातील अचूकपणा येथे परस्परांविरुद्ध जातात व त्यांत तडजोड करावी लागते.

शक्ती व तिचे प्रेषण : लागणारी शक्ती अंदाजाने न ठरविता गणिताने काढता येते. ३·६ किग्रॅ. वजनाची प्रतिकृती चारास एक या चढावर न्यावयाची असल्यास चाकांच्या कडेशी सु. ९ न्यूटन प्रेरणा लागते. वेग सेकंदाला १·२ मी. धरल्यास चाकांपाशी सु. ११ वॉट शक्ती हवी. दंतचक्रे (गिअर), धारवे (बेअरिंग) व सांधे यांत निम्मी शक्ती खर्च होते असे मानल्यास मोटरीला सु. २२ वॉट, म्हणजे ७·२ व्होल्ट दाबाला सु. ३ अँपिअर विद्युत् प्रवाह पुरवावा लागतो. ७५ मिमी. व्यासाचे चाक या वेगाने मिनिटाला सु. ३०० फेरे करते. मोटर मात्र सु. ९,००० फेरे करते. म्हणून एकूण तीसास एक एवढी गतिघट आवश्यक असते. ती एकाच ठिकाणी न करता गिअरपेटीत दहास एक व आसापाशी तीनास एक अशी विभागल्यास आसाची पेटी फुगीर होत नाही व वाहनाच्या पोटाखाली पुरेशी मोकळी जागा राहते.

गिअरपेटीतून पुढच्या व मागच्या आसांकडे जाणाऱ्या दांड्यांना दोन्ही टोकांस युनिव्हर्सल सांधे असतात. दांड्याच्या दोन्ही सांध्यांचे काटे एकाच प्रतलात बसवावे लागतात. तसे न केल्यास दांडा दर फेऱ्यात पुढे-मागे झटके देतो. वळताना बाहेरील चाकाला आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागत असल्यामुळे प्रत्येक आसात डिफरन्शियल बसवितात. परंतु एक चाक अधांतरी झाल्यास सर्व शक्ती त्याच चाकाकडे जाऊन ते नुसतेच फिरते. म्हणून मूळ लष्करी वाहनाप्रमाणेच प्रतिकृतीतही डिफरन्शियल अडकवून ठेवण्याची सोय करतात.

आसाच्या पितळी पेट्या जोडण्यासाठी कठीण डाख, म्हणजे चांदी, तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूचा जोड, सर्वांत चांगला. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे चांदीच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. चांदीकाम करणाऱ्या कारागिरांची टाकणखार लावून रौप्यडाख वितळविण्याची पद्धत या कामास जशीच्या तशी लागू पडते. रौप्यडाख सामान्यतः ६५०° ते ८००° से. तापमानाला वितळतो, तर कथिल-शिशाचा मऊ डाख सु. १८३° से. तापमानापासून वितळू लागतो. त्यामुळे प्रथम मुख्य जोड रौप्यडाखाने व नंतर बारीकसारीक भाग मऊ डाखाने जोडल्यास पहिले जोड सुटत नाहीत. हा क्रम उलटा करता येत नाही.

बाह्यांग : चालकाची खोली, नाक व हौदा यांसाठी पितळी पत्रा किंवा पॉलिस्टायरीनचा पत्रा वापरतात. मूळ १·२ मिमी. जाडीचा पत्रा प्रमाणाने ०·१ मिमी.पेक्षाही पातळ होतो व तो वापरता येत नाही. म्हणून एक मिमी. जाडीचा पत्रा घेऊन ज्या कडा डोळ्यांना दिसतात तेवढ्याच कानशीने पातळ करतात. हौद्याच्या छतासाठी जाड कापड चालत नाही, कारण धाग्यांची वीण लहान होत नाही. दाट विणीचे पातळ सुती कापड वापरणे इष्ट ठरते. भारतीय लष्करी वाहनांच्या नोंदणी क्रमांकात प्रारंभी वर टोक असलेला बाण व त्यानंतर वाहनाच्या खरेदीचे वर्ष दर्शविणारे दोन अंक असतात. प्रतिकृतीवरील क्रमांक वाहनाच्या काळाशी जुळणारा असावा.

रेडिओ यंत्रणा : चालविणाऱ्याच्या हातातील प्रेषक, वाहनातील ग्राही आणि ग्राहीच्या आज्ञेनुसार हलणारे सर्व्हो व वेगनियंत्रक हे या यंत्रणेचे चार घटक होत. प्रेषकावरील दांडी जितकी कलवावी तितक्याच प्रमाणात चाके वळतात. या पद्धतीस प्रमाणशील नियंत्रण म्हणतात. रूढ पद्धतीत ग्राही प्रत्येक सर्व्होकडे सु. २० मिलिसेकंदांच्या अंतराने एकेक विद्युत् स्पंद पाठवितो. स्पंदाची लांबी १·५ मिलिसेकंद असेल, तर सर्व्हो मध्यावर राहतो. १ व २ मिलिसेकंदांना तो साधारणपणे दोन टोकांकडे वळतो. सर्व्होमधील विद्युत् मंडल आसाची प्रत्यक्ष स्थिती व आज्ञेतील स्थिती यांची सतत तुलना करते आणि फरक नाहीसा होईपर्यंत आपली लहान मोटर फिरविते. वेगनियंत्रक हाच स्पंद वाचून मुख्य मोटरीचा प्रवाह सेकंदाला अनेक वेळा चालू-बंद करतो. चालू राहण्याचा काळ जितका अधिक, तितका वेग अधिक.

जुन्या संचांत २७ मेगॅहर्ट्‌झच्या आसपासची कंप्रता वापरीत. तिची तरंगलांबी सु. ११ मी. असल्यामुळे लांब आकाशक लागे आणि एकाच कंप्रतेचे दोन प्रेषक जवळ आले की एकाची गाडी दुसऱ्याच्या आज्ञेने चाले. आधुनिक संच २·४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यात चालतात. तेथे तरंगलांबी सु. १२·५ सेंमी. असल्याने सु. ३ सेंमी. तारही आकाशक म्हणून पुरते. प्रेषक व ग्राही यांची सांकेतिक जोडी आधीच बांधलेली असल्यामुळे अनेक वाहने एकत्र चालविता येतात. भारतात बिनतारी साधनांवर १९३३ च्या अधिनियमानुसार परवान्याचे बंधन होते. २००५ मध्ये या दोन्ही पट्ट्यांतील कमी शक्तीच्या साधनांना परवान्यातून सूट मिळाली. आकाशक धातूच्या खोलीत बंद करू नये, कारण धातू तरंगांना अडवितो. संदेश तुटल्यास मोटर आपोआप थांबेल अशी योजना ग्राहीत करून ठेवावी. चार किलोग्रॅमची अनियंत्रित गाडी लहान मुलाला इजा करू शकते.

शक्तीसाठी निकेल-धातू हायड्राइड किंवा लिथियम-पॉलिमर घटमाला वापरतात. लिथियम घटाचा दाब भारित अवस्थेत ४·२ व्होल्ट असतो व तो ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. फुगलेली वा ठेचलेली घटमाला पेट घेऊ शकते. ती पुन्हा भारित करू नये.

भूमीवरील परीक्षण : प्रतिकृती सपाट फरशीवर चालली म्हणजे ती यशस्वी झाली असे नव्हे. लष्करी मालमोटार रस्त्याबाहेर चालण्यासाठी असते आणि तिच्या प्रतिकृतीची कसोटीही तेथेच लागते. बुलढाणा जिल्ह्याची भूमी या दृष्टीने बोधप्रद आहे. जिल्ह्याच्या उत्तरेस मलकापूर, नांदुरा, शेगाव या भागांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खोल काळी जमीन आहे. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत सु. ६५० मी. उंचीवर वसले असून मलकापूरकडून येणारा रस्ता राजूर घाटाने वर चढतो. डोंगरभागात उथळ, मुरमाड जमीन व बेसॉल्ट खडक आढळतो. अशा रीतीने एकाच जिल्ह्यात चिकण, मुरूम व खडक हे तीनही प्रकार मिळतात.

येथेही प्रमाणाचा नियम प्रत्ययास येतो. मातीचा कण गाडीबरोबर लहान होत नाही. पाच सेंमी. आकाराचा मुरमाचा खडा १/१४ प्रमाणाच्या गाडीला ७० सेंमी.च्या धोंड्यासारखा असतो. काळ्या मातीत मोठी मालमोटार वजनाने रुतते. प्रतिकृतीचा जमिनीवरील दाब १४ पट कमी असल्याने ती क्वचितच रुतते. मात्र मातीचा चिकटपणा चाकाच्या पृष्ठभागावर अवलंबून असल्यामुळे वजनाच्या मानाने तो १४ पट अधिक जाणवतो. पहिल्या पावसानंतरच्या काळ्या रानात प्रतिकृतीची चाके काही फेऱ्यांतच मातीने लडबडून गुळगुळीत गोळे बनतात व गाडी जागीच घसरते. टायरांवरील खाचा प्रमाणापेक्षा अधिक रुंद व खोल ठेवल्यास माती झटकली जाते. यावरून, प्रतिकृती एखाद्या जमिनीवरून गेली म्हणजे मूळ वाहनही जाईल, असा निष्कर्ष काढता येत नाही, हे लक्षात येईल. पूर्णाकृती वाहनांचे परीक्षण अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेसारख्या संस्थांना प्रत्यक्ष धावपट्ट्यांवरच करावे लागते.

महत्त्व : सेवेतून गेलेल्या लष्करी मालमोटारी लिलावात विकल्या जातात. त्यांतील काहींचे बाह्यांग बदलून त्या इतर कामांस जुंपल्या जातात व उरलेल्या भंगारात मोडल्या जातात. रणगाडे व तोफा यांना चौकांत आणि संग्रहालयांत स्थान मिळते. धान्य, दारूगोळा व जवान वाहणाऱ्या मालमोटारीला ते सहसा मिळत नाही. सर्व कारखानी आरेखने सामान्य अभ्यासकास उपलब्ध होतातच असे नाही. अशा स्थितीत काळजीपूर्वक मोजून केलेली प्रतिकृती ही त्या वाहनाची एक नोंद ठरते. मात्र त्यासाठी प्रतिकृतीबरोबर मोजमापांची वही जपली पाहिजे आणि कोणती मापे मुळाबरहुकूम आहेत व कोणती चालण्याच्या सोयीसाठी बदलली आहेत, हे तीत स्पष्टपणे लिहिले पाहिजे. पातळ केलेला पाटा, रुंद केलेली टायरची खाच किंवा जाड ठेवलेला पत्रा यांची नोंद नसेल, तर पुढील अभ्यासक त्यांनाच मूळ मापे समजेल.